इंजिन सांभाळावं की बॅटरी घ्यावी?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गणपती झाले आणि पावसाचा जोर ओसरला, की कोकणातल्या कुठल्याही गावात सकाळी आठच्या सुमाराला एक आवाज सुरू होतो. मोटारसायकल रेझ करून ठेवल्यासारखा, पण जागचा न हलणारा. हा ग्रासकटरचा आवाज. आंब्या-काजूच्या बागांची बेणणी पूर्वी कोयत्याने व्हायची. आठ-दहा माणसं ओळीने लागायची, दुपारी भाकरी खायची आणि संध्याकाळपर्यंत एक कोपरा मोकळा करायची. आता तेवढी माणसं मिळत नाहीत. एक माणूस खांद्याला पट्टा अडकवतो, दोरी ओढतो आणि तेवढंच काम एकटा करतो. शहरातही हे छोटं इंजिन आहेच. सोसायटीच्या हिरवळीवर आहे, दुकानाबाहेरच्या जनरेटरमध्ये आहे, डासांसाठी धूर सोडणाऱ्या यंत्रातही आहे.

तालुक्याच्या गावी माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. अलीकडे गिऱ्हाईक यंत्र बाकड्यावर ठेवतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "मिस्त्री, यावर खर्च करू, की हे काढून बॅटरीचं घेऊ?" माझं पोट इंजिनं बिघडण्यावर चालतं, त्यामुळे माझ्या उत्तरावर तुम्ही थोडा संशय घेतलात तरी चालेल. म्हणून आज मत कमी सांगतो आणि हिशोब जास्त. हिशोब तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता.

आधी हे इंजिन काय चीज आहे ते बघू. ग्रासकटरवर बहुतेक वेळा टू-स्ट्रोक इंजिन असतं. चाळिशी ओलांडलेल्यांना ते वेगळं समजावायला नको. बजाजची चेतक स्कूटर आठवा. १९७२ साली ती बाजारात आली आणि पुढची कित्येक वर्षं पेट्रोल पंपावर तिच्यासाठी पेट्रोलमध्ये ऑइल घालून घ्यावं लागे. सकाळी ती एका बाजूला कलती करून किक मारायची, हा घराघरातला विधी होता. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलबरोबर आत जाणाऱ्या ऑइलवरच पिस्टनचं वंगण भागतं. त्यामुळे इंजिन हलकं होतं, स्वस्त होतं आणि कसंही तिरकं धरलं तरी चालतं. डोंगरउतारावर गवत कापायला असंच यंत्र हवं.

पण या सोयीची किंमत मोजावी लागते. या इंजिनात जळलेला धूर बाहेर ढकलण्याचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं. ते करताना त्यातलं काही मिश्रण न जळताच धुराबरोबर निघून जातं. साध्या बनावटीच्या इंजिनात साधारण पाव हिस्सा पेट्रोल असं वाया जातं. म्हणजे चार लिटर भरलं, तर एक लिटर हवेत. तो निळसर धूर आणि तो वास याच लिटरचा.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने याचा हिशोब मांडला आहे. पालापाचोळा उडवणारं व्यावसायिक पेट्रोल यंत्र एक तास चाललं, तर धुरकं तयार करणारे वायू जेवढे बाहेर पडतात, तेवढे पडायला नवी मोटारगाडी अकराशे मैल चालवावी लागेल, असं तिथल्या हवा मंडळाचं म्हणणं आहे. अकराशे मैल म्हणजे सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर. मुंबईहून दिल्ली गाठून पुढेही बराच रस्ता उरेल. गाडीच्या नळकांड्यात धूर शुद्ध करण्याची सोय असते, या यंत्रात ती नसते, म्हणून हा फरक. त्या राज्याने २०२१ साली कायदा केला आणि हिरवळ कापायची, पाला उडवायची नवी यंत्रं २०२४ पासून धूर न सोडणारीच असावीत, असा नियम आणला. शेती आणि बांधकामाची बरीच यंत्रं मात्र त्यातून वगळली गेली. हे वगळणं लक्षात ठेवा, कारण पुढे तोच मुद्दा येणार आहे.

आता माझ्या बाकड्यावर येणाऱ्या इंजिनांकडे वळू. ती कशाने मरतात? कामाने झिजून मेलेलं इंजिन क्वचित येतं. बहुतेक मरतात ती नुसती बसून. ऑक्टोबरअखेर काम संपतं, टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच राहतं आणि यंत्र पडवीत नाही तर गोठ्यात जातं. पुढच्या हंगामात बाहेर काढलं की दोरी ओढून ओढून खांदा जातो, पण ते चालू होत नाही. टाकीतल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून गेलेला असतो आणि मागे चिकट राळ उरते. कार्बोरेटरमधली भोकं केसाएवढी बारीक. ती त्या राळेने बुजतात.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ सालापासून वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आपल्याकडे मिळू लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर बहुतेक पंपांवर पोचलं. आपल्या साखर कारखान्यांना त्यातून चार पैसे मिळतात, परदेशी तेलही वाचतं. त्या धोरणाबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, ही वस्तुस्थिती आहे. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने ठेवली, तर आतल्या हवेतली ओल त्यात मुरत जाते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पेट्रोल वर राहतं. इंजिन तळातलं ओढतं. आपण घातलेलं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहिलेलं असतं. म्हणजे पिस्टन वंगणाशिवाय चालतो आणि जाम होतो. शिवाय इथेनॉलने जुन्या बनावटीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदा फुगतो, कडक होतो. अनेक छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल, असं छापलेलं असतं. ते पुस्तक पिशवीतून बाहेर काढून एकदा वाचा.

यावर उपाय अगदी साधे आहेत. आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढंच मिश्रण करा. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. ऑइलचं प्रमाण अंदाजाने घेऊ नका. पुस्तकात पंचविसास एक लिहिलं असेल, तर लिटरला ४० मिलिलिटर. पन्नासास एक असेल, तर २० मिलिलिटर. औषधाचं मापाचं झाकण वापरा, पण मग ते पुन्हा औषधाला नको. ऑइल कमी झालं तर पिस्टन जाम होतो. जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साठून जोर कमी होतो. एअर फिल्टरचा स्पंज दर दोन-चार दिवसांनी साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा. पात्याजवळच्या गिअरमध्ये ग्रीस भरा. हंगामाच्या सुरुवातीला नवा प्लग आणि टाकीतला छोटा फिल्टर बदला. एवढं नेमाने केलं, तर साधं यंत्रही चांगली वर्षं काढतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातली सहा-सात यंत्रं मग आलीच नसती, आणि हे मी स्वतःच्या गल्ल्याविरुद्ध सांगतो आहे.

नवं इंजिनच घ्यायचं असेल, तर फोर-स्ट्रोकचा विचार जरूर करा. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही, पेट्रोल कमी लागतं आणि धूरही कमी होतो. ते थोडं जड आणि महाग असतं. आणि त्याला वेगळं ऑइल लागतं, तेही जेमतेम शंभर मिलिलिटर. ते तपासायला विसरलात, तर इंजिन माफ करत नाही. साधारण पन्नास तासांच्या कामानंतर ते बदलावं.

आता बॅटरी. विजेच्या मोटरचं कौतुक करावं तेवढं थोडं. तिला प्लग नाही, कार्बोरेटर नाही, फिल्टर नाही, दोरी ओढणं नाही. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. मग सगळ्यांनी बॅटरीच का घेऊ नये? इथे आपला हिशोब येतो.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचं तेच युनिट. छोटं टू-स्ट्रोक इंजिन त्यातली फार तर पंधरा टक्के पात्यापर्यंत पोचवतं, बाकी उष्णतेत आणि धुरात जाते. म्हणजे हाती साधारण सव्वा ते दीड युनिट येतं. आता बॅटरीच्या ग्रासकटरची एक बॅटरी घेऊ, ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर. गुणाकार केला तर १४४ वॉट-अवर, म्हणजे युनिटचा सातवा हिस्सा. मोटर त्यातला बराचसा भाग कामाला लावते, तरी एका लिटर पेट्रोलची बरोबरी करायला अशा दहा-अकरा बॅटऱ्या लागतात. दिवसभर बागेत काम करणारा माणूस तीन-चार लिटर पेट्रोल जाळतो. इंजिन मधल्या वेळात नुसतं फिरत असतं, मोटर तशी फिरत नाही, म्हणून आकडा निम्म्यावर आणू. तरी पंधरा-वीस बॅटऱ्या झाल्या. त्या डोंगरावर कोण नेणार आणि चार्ज कुठे करणार? बागेत पेट्रोलचा कॅन नेता येतो, विजेचा प्लग नेता येत नाही. कॅलिफोर्नियानेही शेतीची बरीच यंत्रं नियमाबाहेर राहिली ती का, याचं निदान व्यवहारातलं उत्तर या गुणाकारात दिसतं.

पण हाच गुणाकार दुसऱ्या ठिकाणी उलटा निकाल देतो. पाठीवरचा फवारणी पंप बघा. मिरची, वांगी, भात, भुईमूग यांवर फवारायला जो दाब लागतो, त्याला घरातल्या जुन्या ट्यूबलाइटएवढीच, म्हणजे चाळीसेक वॉट वीज पुरते. त्यातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९६ वॉट-अवर. दोन तासांहून जास्त फवारणी झाली. सोळा लिटरच्या पंधरा टाक्या एका चार्जवर निघायला हरकत नाही, आणि चार्जिंगचा खर्च रुपया-दीड रुपया. म्हणूनच महाराष्ट्रात बॅटरीचा पंप कुणी फारसा प्रचार न करता शेताशेतात पोचला. हाताने दांडा मारून खांदे दुखायचे, ते थांबलं. आंब्याच्या उंच कलमांवर मात्र हा पंप पोचत नाही. तिथे जास्त दाबाचा इंजिनावरचा पंपच लागतो.

म्हणजे प्रश्न पेट्रोल चांगलं की वीज चांगली, असा नाहीच. आपलं काम किती जोराचं आहे, सलग किती तास आहे आणि विजेचं बटण किती लांब आहे, हे तीन प्रश्न विचारायचे. जोर कमी असेल, तर बॅटरी. जोर जास्त पण काम तासाभराचं आणि घराजवळचं असेल, तरी बॅटरी, किंवा त्याहून स्वस्त म्हणजे तारेवर चालणारं यंत्र. पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांतून हिरवळीचा एवढासा तुकडा कापायला पेट्रोलचं यंत्र आणतात आणि रविवारी सकाळी सगळी इमारत जागी करतात. त्याची काही गरज नाही. चांगली जाड वायर घ्या, मुख्य पेटीत शॉक लागताच वीज तोडणारं ईएलसीबी बसवलेलं असू द्या, ओल्या गवतात काम करू नका आणि वायर नेहमी पाठीमागे ठेवा. ना बॅटरी बदलायची, ना पेट्रोल साठवायचं.

बॅटरीलाही देखभाल लागते बरं का. ती लागत नाही, असं दुकानदार सांगतो. फवारणी पंपातली जड, शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत ठेवली, की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि ती पुन्हा नीट भरत नाही. म्हणून वापरानंतर त्याच दिवशी चार्ज करा आणि बिनवापराच्या दिवसांत महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. हलकी लिथियमची बॅटरी असेल, तर उलट. ती बरेच दिवस ठेवायची असेल, तर निम्मी भरलेली ठेवा आणि पत्र्याखालच्या उन्हात ठेवू नका. घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारा, ही बॅटरी दोन-तीन वर्षांनी सुटी मिळेल का? किंमत किती? तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त करणारा कुणी आहे का? उत्तर नीट मिळालं नाही, तर यंत्र कितीही स्वस्त असलं तरी ते महागच आहे. इंजिनाचा प्लग कुठल्याही गावात मिळतो. बॅटरीचा खोबणीतला आकार मात्र प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. आणि मेलेली बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची व्यवस्था करणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे.

आता या हिशोबातला एक रकाना, जो आपण नेहमी रिकामा सोडतो. यंत्र विकत घेणारा वेगळा असतो आणि ते खांद्यावर घेणारा वेगळा. मालक पेट्रोल मोजतो, भाडं मोजतो. धूर, आवाज आणि हादरे मजुराच्या अंगावर जातात. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या मापाप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम चालतं. पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. पेट्रोलचा ग्रासकटर पूर्ण जोरात असताना चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज शंभराच्या आसपास सहज जातो. आपला माणूस त्यात पाच-सहा तास काढतो, आणि कानाला बांधलेला असतो तो फक्त गमछा. हाताला सतत हादरे बसत राहिले, तर वर्षांनंतर बोटं बधिर होतात, पांढरी पडतात. कान एकदा गेले, की ते परत येत नाहीत. त्यांचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

म्हणून इंजिन ठेवायचं ठरवलंत, तर त्याबरोबर कानावरची टोपणं, डोळ्याला चष्मा, पायात बूट आणि पात्यावरचं संरक्षक झाकण हेही ठेवा. ते झाकण अडचण होते म्हणून काढून टाकलेलं मी रोज बघतो. एकाच माणसाला सलग तास देऊ नका. दोघांत पाळी लावा. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका, आधी दहा मिनिटं थांबा. आणि मिश्रण पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. घरात लहान मूल असतं, रात्री तहानलेलं माणूस असतं. धातूचा किंवा जाड प्लास्टिकचा कॅन घ्या आणि त्यावर ठळक लिहा. या रकान्यात बॅटरीचं यंत्र सरळ सरस ठरतं, हेही कबूल केलं पाहिजे. धूर नाही, आवाज कमी, हादरे कमी. म्हणून काम थोडं हळू झालं तरी, जिथे बॅटरी पुरते तिथे मी बॅटरीच घ्या म्हणतो.

चेतक स्कूटरचं पुढे काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. २००९ साली बजाजने स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं आणि २०२० च्या जानेवारीत तेच नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला लागून परत आलं. आमच्या धंद्यातही हे होणार आहे. बॅटऱ्या सुधारतील, हलक्या होतील, आजचा माझा गुणाकार उद्या बदलेल. तेव्हा माझ्यासारख्या मिस्त्रींनी पान्याबरोबर मल्टिमीटर धरायला शिकलं पाहिजे, आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांनी कार्बोरेटर आणि मोटर दोन्ही उघडून पाहिली पाहिजेत. नाही तर गावात यंत्रं नवी येतील आणि दुरुस्तीला शंभर किलोमीटर जावं लागेल.

तेव्हा चालू स्थितीतलं इंजिन घाईने भंगारात घालू नका. ते स्वच्छ ठेवा, कोरडं ठेवा आणि त्याचं काम संपेपर्यंत वापरा. नवं घ्यायची वेळ आली, की कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि तासांचा, जोराचा, विजेच्या अंतराचा हिशोब करा. बसताना जो माणूस ते यंत्र खांद्यावर घेणार आहे, त्यालाही शेजारी बसवा आणि त्याला विचारा.